अठरा म्हातारे आणि एक गुलाब

बुरुल्चा एजे दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात लोकरीचा एकच मोजा होता. मोज्यात हात घालून त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि आजारी कोकरू गुरांच्या डॉक्टरपुढे ठेवावं तसा माझ्या काउंटरवर ठेवला.

"यात एकोणीस म्हातारे आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे बाहेर काढ."

आमच्या डोंगरातल्या आत-बाशी गावाच्या बाजारात, खोगीरवाल्याच्या शेजारी माझं दुकान आहे. झेरॉक्स, छपाई, लॅमिनेशन. पाटीवर शेवटी 'इत्यादी' असं लिहिलंय आणि त्या एका शब्दानं माझा जेवढा छळ केलाय तेवढा कुणी केला नसेल. गेल्या महिन्यात एक जण घोड्याचा फोटो काढायला घोडा आत घेऊन आला. घोडा आत आला, पण वळेना. शेवटी मीच बाहेर जाऊन खिडकीतून फोटो काढला.

आमच्यात मोठ्या बाईला एजे, म्हणजे ताई, म्हणतात; या बुरुल्चा एजेंनी मला पाच वर्षं भूगोल शिकवला. आता त्या निवृत्त आहेत, पण माझ्यापुरत्या नाहीत.

"मंगोलियाची राजधानी?"

"उलानबातर, एजे."

"हं. अजून पूर्ण वाया गेलेला नाहीस. लाव ते."

पेनड्राइव्हवर एकच फाइल होती. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यक्रमासाठी एजेंनी स्वतः केलेलं प्रेझेंटेशन: 'आमचे अक्साकाल, तरुणपणी'. दाढी पांढरी झाली की आमच्यात माणूस अक्साकाल होतो आणि त्याला कुणालाही, कुठंही, कशाबद्दलही सल्ला देता येतो. पण या स्लाइडांवर सगळे दाढी येण्याआधीचे होते. कुणी ट्रॅक्टरवर, कुणी सैन्याच्या टोपीत, कुणी मेंढीला मिठी मारून. प्रत्येक स्लाइडवर एक जण, खाली नाव, आणि क्रम वयाप्रमाणे. एजेंना सजावटीची हौस असल्यामुळे अक्षरं उड्या मारत येत होती.

"मूळ फोटो कुठंयत?" मी विचारलं.

"फोनमध्ये होते. फोन कुमिसच्या पिशवीत पडला."

"मग?"

"मग काय? मी घोडीचं दूध घुसळत होते, फोनही घुसळला गेला. कुमीस मात्र त्या वर्षी फार छान झाला."

"आणि ज्या घरांतून हे फोटो घेतले होते तिथं?"

"भिंतींवर चिकटवलेले होते. भिंतींना आता नवा कागद लागलाय. कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढून बघितला तर प्रत्येकाच्या कपाळावर माझा चष्मा आला." त्या स्टुलावर बसल्या. "शनिवारी बाबांचा आणि काकांचा ऐंशीचा तोय आहे, सगळ्या गावाला जेवण. प्रत्येकाच्या जागेवर त्याच्या तरुणपणच्या फोटोचं कार्ड ठेवायचंय. नावं वाचायला यांचे चष्मे सापडत नाहीत, पण स्वतःचा चेहरा तरी ओळखतील."

"तुमचे काका, उसोन अक्साकाल, येणार?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. एजे मोजा बोटांवर गुंडाळायला लागल्या.

"म्हणालेत, 'माझ्या चेहऱ्याचं आणि माझ्या जागेचं कार्ड आधी माझ्या घरी आणून दाखवा. मग बघू.' आणि ते नाही आले तर बाबाही बसणार नाहीत. म्हणतात, ऐंशी वर्षं काय मी एकट्यानं काढलीत? तिलेक, बाळा, दोघं ऐंशीचे आहेत. रुसायला अजून किती वर्षं आहेत त्यांच्याकडे?"

मी कीबोर्ड पुसायला लागलो. त्याला कारण होतं.

असान आणि उसोन जुळे. जुळे मुलगे झाले की आमच्याकडे नाव शोधायचा त्रास नसतो: आधी आलेला असान, मागून आलेला उसोन. असान अक्साकाल अर्ध्या तासानं मोठे आणि गावात सगळ्यांत मोठे. उसोन अक्साकाल दुसऱ्या क्रमांकाचे. आता, जेवणात कुणाला मेंढीचं कोणतं हाड मिळतं यावरून आमच्यात माणूस कोण ते ठरतं. सर्वांत मानाचं जांबाश, म्हणजे कमरेचं. देवानं मेंढीला दोन जांबाश दिलेत, त्यामुळे या दोघांची सोय जन्मापासूनच झालेली होती. एक याला, एक त्याला.

गेल्या शरदात एजेंच्या मुलाच्या लग्नात मात्र दुसरं जांबाश गेलं सागिनबाय अक्साकालांकडे. हे निवृत्त बस ड्रायव्हर, वयानं दहावे. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि कुणी काही म्हणायच्या आत खाऊन टाकलं. उसोन अक्साकालांच्या पुढ्यात आला पाठीचा मणका. बाराव्या क्रमांकाचं हाड. त्यांनी मणका रुमालात बांधला, घरी नेला आणि घोड्याच्या केसाच्या दोरीनं फाटकावर टांगला. त्यांचं फाटक भावाच्या फाटकासमोर आहे. यजमानीण असानची मुलगी, तेव्हा हे असाननंच केलं, असा त्यांचा हिशेब. वर्षभर असान अक्साकाल सकाळी फाटक उघडतात तेव्हा पहिल्यांदा तो मणका बघतात.

त्या लग्नातल्या नावांच्या चिठ्ठ्या मी छापल्या होत्या. एजेंनी एकोणीस फाइली दिल्या होत्या, नाव १, नाव २, अशा क्रमानं. माझ्या छपाईच्या जुन्या प्रोग्रॅमनं त्या आपल्या पद्धतीनं लावल्या: एक, मग दहा, अकरा, बारा, असं करत एकोणीस, आणि त्यानंतर दोन. मी गठ्ठा न बघता दिला. हाडं वाटणाऱ्यानं चिठ्ठ्या बघून वाटली. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी त्या गल्लीतून जात नाही. खोगीरवाल्यापलीकडून लांबचा रस्ता घेतो, त्यामुळे माझी तब्येत सुधारलीय.

"जमेल ना रे?" एजेंनी विचारलं.

"जमेल, एजे. चहा होईपर्यंत."

जमणार होतंच. प्रेझेंटेशन म्हणजे खरं तर गाठ मारलेली पोतडी असते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. फाइलची आधी एक नक्कल करायची. मग नक्कलेच्या नावाचं शेपूट काढायचं आणि त्या जागी झिपचं शेपूट लावायचं. कॉम्प्युटर घाबरवतो, 'फाइल बिघडेल' म्हणतो. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मग पोतडी सोडायची. आत फोल्डरात फोल्डर, आणि एका फोल्डरात सगळे फोटो, जसे घातले होते तसे, मूळ आकारात, निवांत पडलेले.

"एवढंच?" एजे पुटपुटल्या. "नाव बदललं की झालं?"

"नाव बदललं की यंत्रही बदलतं, एजे. माणसांचं माहीत नाही."

फोल्डरात किती फोटो ते खाली लिहून येतं. एकोणीस. एजेंनी तरीही चष्मा लावून बोटांनी मोजले. एकोणीस. त्यांनी रुमालाच्या गाठीतून दोन बोरसोक, तळलेले कणकेचे गोळे, काढून मला दिले, बक्षीस म्हणून. मी एक तोंडात टाकला आणि एकेक फोटो उघडायला लागलो. स्लाइड बघायची, चेहरा जुळवायचा, नाव लिहायचं. या वेळी यंत्राच्या क्रमावर माझा भरवसा नव्हता. ट्रॅक्टरवाले जुळले, टोपीवाले जुळले, सागिनबाय अक्साकाल बसच्या चाकावर पाय ठेवून उभे, तेही जुळले. सोळा, सतरा. मग अठरावा उघडला.

गुलाब होता.

मोठा, लाल, पाकळ्यांवर दवाचे थेंब.

"हे कोण?" मी विचारलं.

एजेंनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "ते मागचं फूल आहे. प्रत्येक स्लाइडच्या मागं फिकट करून ठेवलं होतं मी." त्यांचा आवाज खाली गेला. "म्हणजे अठराच आहेत? कोण राहिलं?"

उरलेला एकच फोटो पडद्यावर नव्हता आला, आणि यादीत जुळायची राहिलेली नावं होती दोन. असान आणि उसोन.

"काका राहिले," एजे म्हणाल्या. "अरे देवा. काका राहिले. आता मी त्यांच्याकडे काय घेऊन जाऊ? हे फूल?"

"एजे, थांबा."

"एकदा मणका दिला, आता गुलाब देते! त्यांना तर वाटेल थडग्यावर ठेवायला दिलाय!"

"एजे, शेवटचा उघडू तर द्या."

मी दुसरा बोरसोक तोंडात टाकला आणि फोटो उघडला. माझ्या तोंडात बोरसोक तसाच राहिला.

स्लाइडवर असान अक्साकाल एकटे होते, तिशीतले, मेंढीच्या कातड्याचा जाड कोट एका खांद्यावर टाकून. पुढच्या स्लाइडवर उसोन अक्साकाल एकटे होते, तसाच कोट, दुसऱ्या खांद्यावर. मला आतापर्यंत वाटत होतं की तेव्हाची फॅशन असेल. पण या पोतडीतल्या फोटोत दोघंही होते, खांद्याला खांदा लावून, आणि कोट एकच होता. एका बाहीत असानचा हात, दुसऱ्या बाहीत उसोनचा. आतल्या बाजूचे दोन हात कोटाखाली एकमेकांच्या कमरेभोवती असावेत, कारण ते कुठंच दिसत नव्हते. दोघं असे ताठ उभे होते, जणू कोट असाच शिवलाय.

"एजे, हे काय आहे?"

"कोलखोजचं, सरकारी सामूहिक शेतीचं बक्षीस," त्या हळूच म्हणाल्या. "चौऱ्याहत्तर साल. सर्वोत्तम मेंढपाळ तुकडी. तुकडीत हे दोघंच. पण नियम होता, एका तुकडीला एक कोट. पेपरवाला फोटो काढायला आला, तर कोट कोणी घालायचा?" त्यांनी पडद्याला बोट लावलं. "स्लाइडवर एकेकटे हवे होते, म्हणून मीच मधून कापला. एकदा इकडून, एकदा तिकडून. पण मी तर कापला होता ना? कापलेलं परत कसं आलं?"

"तुम्ही कापलं नव्हतं, एजे. नुसता पडदा ओढला होता. आत सगळं तसंच असतं. आणि एकच फोटो दोनदा लावला तर यंत्र तो दोनदा ठेवत नाही. म्हणून अठरा."

एजेंनी चष्मा काढून मोज्यानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

खरं म्हणजे काम तिथंच संपत होतं. मी तो फोटो पुन्हा मधून कापून दोन कार्डं करू शकत होतो, दोन मिनिटांत. कर्सर तिथं नेलाही होता. पण मग मी तो आख्खा छापला, चांगल्या कागदावर, आणि जॅकेट घातलं.

"कुठं निघालास?" एजेंनी विचारलं.

"काकांकडे मी जातो. मला त्यांना एक सांगायचंय. तुम्हालाही सांगायचंय, पण तुम्ही मला पाच वर्षं शिकवलंय, तुम्हाला नंतर सांगेन."

वर्षभरानं त्या गल्लीत शिरलो. मणका फाटकावर होता. पावसानं आणि उन्हानं अगदी पांढराशुभ्र झालेला. फाटक ढकललं तसा तो टकटक वाजला, जणू घंटाच.

उसोन अक्साकालांनी मला आत बसवलं आणि चहा ओतला. वाटीत दोन घोट. पाहुण्याला असाच थोडा थोडा ओततात, म्हणजे तो बसून राहतो.

"कोणी पाठवलं? असाननं?"

"नाही, अक्साकाल. मी आपणहून आलो. तुमचा तो मणका... तो माझ्यामुळं मिळाला तुम्हाला."

त्यांनी मला खालून वर बघितलं. "तुझं माझं काय वैर? तुझ्या आजोबांना मी घोडा उसना द्यायचो."

"वैर नाही. मोजणीत घोळ झाला." मी खिशातून कागद काढून त्यावर लिहून दाखवलं: एक, दहा, अकरा, बारा, आणि शेवटी दोन. "कॉम्प्युटर असं लावतो. पहिला अंक बघतो फक्त. एक दिसला की ते सगळे आधी. तुमचा आकडा दोन, म्हणून तुम्ही मागं गेलात. असान अक्साकालांना काही माहीत नव्हतं. मी गठ्ठा तपासला नाही."

"म्हणजे याला मोजता येत नाही?"

"येतं. पण तो आकडे मोजत नाही, अक्षरांसारखे वाचतो."

"याच्याकडे मेंढ्या राखायला दिल्या असत्या तर?"

"पहिली मोजली असती. मग दहावी."

"आणि दुसरी?"

"एकोणिसावीनंतर."

"लांडग्याला तेवढा वेळ खूप झाला," ते म्हणाले, आणि माझी वाटी उचलून त्यांनी चहा काठोकाठ भरला. काठोकाठ म्हणजे पी आणि नीघ. आमच्यात यापेक्षा स्पष्ट कुणी बोलत नाही.

मी वाटीला हात लावला नाही. फोटो गालिच्यावर ठेवला.

त्यांनी आधी लांबून बघितलं. मग चष्मा शोधला, तो कानाला दोऱ्यानं बांधावा लागत होता. फोटो खिडकीशी नेला. मग त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि त्याकडे बघितलं, जणू तो अजून बाहीत आहे का ते तपासत होते.

"डाव्या बाहीचं अस्तर फाटकं होतं," ते म्हणाले. "नवाकोरा कोट, पण डावी बाही आतून फाटकी. कोलखोज होतं, दुसरं काय असणार! असाननं हात घालून बघितला, मग मला म्हणाला, 'तू उजवी घे. तू धाकटा आहेस, तुला थंडी जास्त.' अर्ध्या तासानं धाकटा."

ते परत येऊन बसले. माझी वाटी उचलली, चहा खिडकीतून बाहेर ओतला आणि नव्यानं दोन घोट ओतले.

"कार्डं किती छापणार?"

"दोन करता येतील. मधून कापून."

"कापू नकोस," ते म्हणाले. "कोट फाटेल."

शनिवारी बुरुल्चा एजेंच्या अंगणात जेवणाचं दस्तरखान अंथरलं होतं, आणि एजेंसमोर माझा गुन्हा कबूल करून झाला होता. त्यांनी माझा कान धरला, शाळेच्या पाच वर्षांतही कधी धरला नव्हता, आणि मग सोडायला विसरल्या, कारण अक्साकाल यायला लागले. सागिनबाय अक्साकाल दोन तास आधी येऊन आपलं कार्ड शोधत होते.

"मी नववा?" ते म्हणाले. "मी तर दहावा होतो."

"बढती झाली तुमची," मी सांगितलं. खरंच झाली होती. कार्डं अठरा, तेव्हा सगळेच एकेक जागा वर सरकले होते. तक्रार कुणाचीच नव्हती. तिसरे अक्साकाल तर आपल्या जागेकडे अशा नजरेनं बघत होते की मला त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. चाळीस वर्षं त्यांच्या वाट्याला जांबाश आलं नव्हतं.

मानाच्या जागेवर एकच लांब गादी होती आणि तिच्यावर एकच कार्ड. उसोन अक्साकाल येऊन गादीच्या उजव्या अर्ध्यावर बसले. एजे माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी बाबांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर येणार नाहीत, अशी भीती.

असान अक्साकाल आले. त्यांनी गादी बघितली, भाऊ बघितला, खाली वाकून कार्ड उचललं. ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. एजेंनी माझा दुसरा कान धरला. मग असान अक्साकालांनी कार्ड होतं तसं ठेवलं आणि डाव्या अर्ध्यावर बसले. दोघंही समोर बघत होते. फोटोतही तसेच बघत होते.

हाडं वाटणारा घरचा जावई आला. त्यानं कार्डं मोजली आणि पहिल्या कार्डासमोर एक जांबाश ठेवलं. एकच. दुसरं पुढं गेलं, तिसऱ्यांकडे, आणि ते रडायला लागले. पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळं अंगण त्या एका हाडाकडे बघत होतं. असान अक्साकालांनी कमरेचा सुरा काढला आणि कुठून कापावं याचा विचार करायला लागले.

"चरबीकडचा मला," उसोन अक्साकाल म्हणाले. भावाशी वर्षभरातलं पहिलं वाक्य.

"धाकट्यानं मागू नये."

"अर्धा तास! अर्ध्या तासाचा एवढा रुबाब?"

"अर्धा तास म्हणजे अर्धा तास."

"त्या अर्ध्या तासात एवढं काय केलंस रे तू?"

"तुझी वाट बघितली," असान अक्साकाल म्हणाले आणि चरबीकडचा भाग भावाच्या ताटात ठेवला.

एजेंनी माझा कान सोडला. त्यांना डोळे पुसायला दोन्ही हात हवे होते.

यानंतर सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. दहा मिनिटांत दोघं कोटावरून भांडायला लागले. असान म्हणे, कोट तुझ्याकडे आहे. उसोन म्हणे, नव्वद साली तूच नेलास. बोटं उगारून झाली, टोप्या काढून झाल्या. मग नवव्या जागेवरून सागिनबाय अक्साकाल तोंडातला घास न गिळता म्हणाले, "तो माझ्या जुन्या बसच्या सीटवर आहे. तुम्हीच दोघं बसमध्ये विसरला होतात. फार ऊबदार आहे." दोघं भाऊ एकाच वेळी त्यांच्याकडे वळले आणि त्या क्षणापासून ते पुन्हा एका तुकडीत आहेत.

मी निघायला लागलो तेव्हा एजेंनी हाक मारली. "कुठं चाललास? तुझी जागा आहे की!"

दाराजवळ, चपलांच्या शेजारी, एक छोटी गादी होती. तिच्यासमोर कार्ड होतं, एकोणिसावं. लॅमिनेट केलेला लाल गुलाब, पाकळ्यांवर दवाचे थेंब. मीच छापला होता तो, गठ्ठ्याबरोबर चुकून.

मी बसलो. जावयानं माझ्यासमोर रिकामं ताट ठेवलं. मग उसोन अक्साकाल सगळ्या पंगतीतून उठून माझ्यापर्यंत आले, खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि तो पांढरा मणका माझ्या ताटात ठेवला. त्याला घोड्याच्या केसाची दोरी तशीच होती.

"घे," ते म्हणाले. "आता ही तुझी जागा."

तो माझ्या दुकानात लॅमिनेशनच्या मशीनवर टांगलाय. खाली चिठ्ठी आहे: ०२. आता फाइलच्या प्रत्येक एकेरी आकड्याआधी मी शून्य लावतो, म्हणजे दोन दहाच्या मागं जात नाही.